शिवेच्या आत एकशे चाळीस

जग बुडवणाऱ्या साथीच्या गोष्टींत उरलेली माणसं आधी बंदूक शोधतात आणि मग मॉल. बालाघाटाच्या पठारावर दोन्हींची पंचाईतच. तिथं वाचलेल्यांच्या कानावर पहिल्या सकाळी पडेल तो दावणीच्या गुरांचा हंबरडा. मालक घरात मरून पडलेला, म्हैस दोन दिवस पाण्यावाचून, कास न पिळल्यानं दगडी व्हायची वेळ आलेली. म्हणून पहिलं काम घरोघर फिरून दावी सोडायची. माणसं मोजायचं काम त्यानंतर.

गोष्टीपुरतं एक गाव धरू. बीड आणि लातूरच्या सीमेवरचं, १,८०० वस्तीचं. साथ श्वासातून पसरणारी. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त १४ दिवस. महिनाभरात गावात १४० माणसं उरली. वीज, मोबाईल, टँकर, तहसील यातलं काहीही परत येणार नाही. अशा कथांमध्ये लोक समाज पहिल्यापासून उभा करतात आणि लेखकाला ते सोयीचंही असतं. मराठवाड्यात मात्र निम्मी व्यवस्था आधीच उभी सापडते, फक्त तिला कुणी व्यवस्था म्हणत नाही. उरलेली निम्मी अशी कुजलेली, की तिच्यावर भरवसा ठेवणारे पहिल्या उन्हाळ्यात मरतील.

गावबंदी कशी करायची हे सांगावं लागत नाही. मार्च २०२० मध्ये गावोगाव लोकांनी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून रस्ते बंद केलेच होते. पण काट्यानं मोटारसायकल अडते, माणूस अडत नाही. डांबरी रस्ता एकच असला तरी पाणंदी, शिवरस्ते, ओढ्यातल्या वाटा धरून गावात शिरायला आठ-दहा तोंडं असतात. १४० जणांत त्या सगळ्यांवर पहारा ठेवायला हात पुरत नाहीत. त्यामुळं कुंपणापेक्षा आल्यागेल्याची नोंद महत्त्वाची, आणि आलेल्याला ठेवायचं कुठं हे आधी ठरलेलं हवं. पहिल्यांदा सगळ्यांना शाळा सुचते, आणि शाळाच वाईट. एका वर्गात सोमवारी पाच जण ठेवले आणि दहाव्या दिवशी त्यांच्यात सहावा आणून बसवला, तर सहाही जणांचा तो पहिला दिवस होतो. ही गोष्ट रडवेल्या पाहुण्यासमोर कुणालाच बोलायची नसते आणि साथ तिथूनच आत येते. त्यापेक्षा शेतातले आखाडे, म्हणजे रानातली खोपटं, बरे. एका आखाड्यावर एक कुटुंब, दोन आखाड्यांत हाकेचं अंतर, भाकरी बांधावर ठेवून मागं फिरायचं. प्लेगच्या काळात लोक गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहतच. तेव्हा उंदीर आणि पिसवा मागं राहत म्हणून ते लागू पडलं, इथं माणसांची दाटी मोडते म्हणून लागू पडेल. गावातला शेवटचा रोगी बरा झाला किंवा गेला, की तिथून १४ दिवसांची दुप्पट मोजायची. इबोलाची साथ संपली असं म्हणताना २१ दिवसांच्या दुप्पट, म्हणजे ४२ दिवस थांबतात, तोच हिशोब.

मेलेल्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथं भावनेला वाव थोडा आणि मातीला जास्त. एका दहनाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं. साडेसोळाशे प्रेतांना पाचशे टनांच्या वर. एवढं लाकूड या मुलखात उभंच नाही. तेव्हा गावात उरलेलं डिझेल पहिल्यांदा जेसीबीला. दोन मीटर खोल, दोन मीटर रुंद चर, एका थरात शेजारी शेजारी, माणशी अर्धा मीटर. म्हणजे सव्वाआठशे मीटर लांबी. मुरमात शंभरेक तास यंत्र चालेल, पाच-सहाशे लिटर जाईल. काळ्या रानात खणायला सोपं म्हणून तिकडं वळलं की फसगत. ती माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि चर उघडे पडतात. मुरमाड माळ निवडायचा, विहिरीच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला नाही. हात कुणाचे लागणार याची चिठ्ठी काढायची आणि चिठ्ठ्यांत सगळ्या गल्ल्यांची नावं घालायची. ही कामं वर्षानुवर्षं ज्या वस्तीवर ढकलली गेली, तिच्यावरच ती पुन्हा ढकलली, तर ती वस्ती आठवड्याभरात उठून निघून जाईल. जावंच तिनं. तिच्यासोबत बहुधा गावातला एकमेव मोटार भरणारा कारागीरही जाईल.

आता पाणी. मराठवाड्यात कुठल्याही गोष्टीचा खलनायक रोग नसतो, मे महिना असतो. आठ जिल्ह्यांतली शेती आणि घरं गेल्या चाळीस वर्षांत बोअरवर गेली. लातूरकडं पाचशे-सातशे फुटांचं बोअर हे नवल राहिलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. ती गाडी आणणारं सगळं, म्हणजे वीज, इंजिन, दूरच्या नदीतलं पाणी आणि वरून आलेला हुकूम, आपल्या गोष्टीत संपलेलं आहे. वीज गेली की सबमर्सिबल मोटारी मुकाट होतात आणि सातशे फूट खालचं पाणी असून नसल्यासारखं. हातपंप साधारण दीडशे फुटांपर्यंतचंच पाणी ओढतो. तेव्हा गावाचं भवितव्य दोन जुन्या वस्तूंवर येतं: उथळ बोअरवरचा हातपंप आणि गाळानं भरलेला आड.

हिशोब असा. माणशी दिवसाला १५ लिटर, म्हणजे एक हंडा, ही अगदी खालची रेघ. १४० जणांना २,१०० लिटर. बारा बैल आणि दहा दुभती धरली तर बावीस जनावरांना पन्नासच्या हिशोबानं १,१००. साठ शेळ्यांना ३००. झाले साडेतीन हजार. हातपंप मिनिटाला चाळीस हिसक्यांना बारा लिटर देतो, तासाला सातशेवीस. म्हणजे रोज पाच तास दांडा हलता हवा, आणि दर वीस मिनिटांनी हलवणारा बदलायला हवा. आतले वॉशर वर्षा-दोन वर्षांत झिजतात. ते बदलायला मार्क-टू पंपाचे तीन-तीन मीटरचे नळ एकेक करून वर काढावे लागतात. त्याला तिकाटणं, साखळी, पकड आणि पाच-सहा माणसं लागतात. एक नळ हातातून सुटून बोअरात पडला की पंप कायमचा मेला. म्हणून आसपासच्या ओसाड गावांत पहिली फेरी असेल ती किराण्यासाठी नको, हातपंपांचे वॉशर, साखळ्या आणि पकडी गोळा करायला हवी. हे कथेत कधी येत नाही. दुकान लुटण्यात थरार असतो, वॉशरमध्ये नसतो.

सौर पंप ज्यांच्या रानात आहेत ते काही वर्षं राजे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं, पण मोटार कोरडी चालली की जळते आणि कंट्रोलर वीज पडून जातो. तांब्याची तार भरून मोटार पुन्हा उभी करणारा वाचला असेल, तर त्याला पहाऱ्यावर पाठवू नये.

विहीर वापरायची तर आधी गाळ काढायचा, मग पाणी निर्जंतुक करायचं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते एक लाख तेरा हजार लिटर भरतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लिचिंग) पावडर, म्हणजे २८० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करायचा, पाऊण बादली भरून ढवळायचं, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरानं पाण्यात बुडवून खालीवर करायची. तासाभरानं पाणी भरायला मोकळं. गोम अशी की ही पावडर फोडलेल्या पिशवीत महिन्यागणिक मरते. ताजीत जोर असतो, दमट झालेलीला नुसता वास उरतो. वर्षभरानंतर तिच्या भरवशावर राहू नये. पाणी उकळायला पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या आहेत. नाहीतर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या भरून सहा तास कडक उन्हात ठेवायच्या, आभाळ असेल तर दोन दिवस. उन्हाची या भागात टंचाई नाही, एवढंच काय ते नशीब.

पाणी कुणाला किती, यावर गाव फुटतं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा कणा एका नियमात होता: पाणी डोक्यागणिक, जमिनीगणिक नाही. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. आपल्या गावानं हा नियम जसाच्या तसा उचलावा. याच्या उलट रीतही गावाच्या हाडात आहे. पाणवठे वेगळे होते, म्हणून तर सत्तरच्या दशकात बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत फिरावं लागलं. आता पंप एकच चालू असेल, तेव्हा कुणाची घागर आधी हा प्रश्न पहिल्या आठवड्यात उठेल. त्यावर उपाय फळ्यावर लिहिलेल्या पाळीचा. आज ज्या गल्लीपासून सुरुवात झाली, उद्या तिचा नंबर शेवटी. समजूतदारपणावर विसंबलेली रांग एप्रिलपर्यंत टिकत नाही.

अन्नाचा पेच निराळा. साथ कुठल्या महिन्यात आली त्यावर सगळं आहे. ऑक्टोबरात आली तर रानात सोयाबीन आणि कापूस. कापूस खाता येत नाही. सोयाबीन कच्चं पचत नाही, आधी वीस-पंचवीस मिनिटं उकळून, वाळवून मग दळायचं आणि नऊ भाग ज्वारीत एक भाग मिसळायचं. माघात आली तर मात्र शाळू कापणीला आलेला, आणि तेच गाव तरलं. बियाण्याचंही तसंच. बीटी कापसाचं दुकानातलं बी संकरित, त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं वेडीवाकडी येतात. मालदांडी किंवा परभणी मोती ज्वारी सरळ वाणाची, कणसं निवडून घरचं बी धरता येतं. तेवढं काणी लागलेलं कणीस दिसलं की पिशवीत झाकून तोडायचं आणि जाळायचं. सोयाबीनचं साल पातळ, पोती आपटली तरी उगवण जाते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तरच्या खाली उगवले तर त्या मानानं बी वाढवा.

माणशी दिवसाला अर्धा किलो ज्वारी धरली तर १४० जणांना वर्षाला अडीचशे क्विंटल. बी, उंदीर आणि पाहुणे मिळून २८० धरू. जिरायती रानात एकरी चार क्विंटल पडले तर सत्तर एकर. डाळीसाठी तूर बारा एकर. लाकडी घाण्यावर शंभर किलो करडईला पंचवीस किलोच्या आसपास तेल निघतं, त्या हिशोबानं करडई तेरा-चौदा एकर. एकूण शंभर एकर म्हणा. दीड-दोन हजार एकरांच्या शिवारात हे काहीच नाही, असं वाटतं. अडचण नेमकी तिथंच. बाकीचं शिवार पडीक पडलं की सगळी रानडुकरं, रोही आणि पाखरं त्या शंभर एकरांवर उतरतात. ज्यानं त्यानं आपापल्या गटात पेरलं तर राखण अशक्य. शंभर एकर एका चौकोनी तुकड्यात पेरले तर त्याची कड अडीच किलोमीटर भरते. चार माळे, आठ जागले आणि गोफणी एवढ्यात ती राखता येते. याचा अर्थ बांध विसरायचे. ज्या मुलखात हातभर बांधासाठी सख्खे भाऊ तीन पिढ्या कोर्टात जातात, तिथं हे साथीहून अवघड. हस्तलिखित सातबारे कधीच बंद झाले, संगणक मेलेले, तेव्हा कुणाचं काय हे आठवणीवर येईल आणि आठवणी सोयीप्रमाणं वाढतील. गट कुणाचा हे वहीत लिहून ठेवावं, तीन वर्षं खंड कुणालाच देऊ नये आणि धान्य डोक्यागणिक वाटावं. तीन वर्षांनी भांडायला वेळ मिळाला, तर तो चांगला शकुन समजावा.

पेरणी हस्ताच्या आसपास, तिफणीनं. ते जमेल. घाम निघतो तो काढणीत. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, खळं करायचं, मळायचं, वारवायचं. नुसत्या उपटणीला एकरी सहा-सात माणसं धरली तर सत्तर एकरांना पाचशेच्या आसपास दिवसमजुरी. धडधाकट हात पन्नास असतील तर दहा-बारा दिवस, आणि पुढची कामं तेवढीच पुन्हा. सहा बैलजोड्या हव्यात, आणि बैल विकून ट्रॅक्टर घेतलेल्या गावात त्या नसतात. पेट्रोल काही महिन्यांत खराब होतं, डिझेल वर्षभर रेटता येईल. तेवढ्या काळात देवणी नाहीतर लाल कंधारी गोऱ्हे धरून जुवाला लावायचे. बैल तासात चालायला शिकवणारी म्हातारी माणसं साथीत गेली नसतील अशी आशा. धान्य साठवायला जुनं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, उघडलं, तर झाकण काढल्या काढल्या कुणी उतरू नये. आत हवा मेलेली असते. रात्रभर उघडं ठेवायचं, सकाळी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर कमरेला दोर बांधून एकानं उतरायचं आणि दोर धरणारे दोघं वर हवेत.

इतक्या कामाला माणसं जुंपायची तर घरोघर चुली पेटवून परवडत नाही. एक स्वयंपाक हवा. आणि इथं गाव मुळीच अडत नाही, कारण दरवर्षी हरिनाम सप्ताह होतो. काल्याच्या दिवशी हजारांची पंगत उठवणारं गाव १४० जणांना घाबरत नाही. भाकरी घराघरातून, आमटी एका कढईत, वाढपी ठरलेले, पाणी ओढणारे ठरलेले, भांडी घासणारे ठरलेले. उरुसातली देग उतरवणारे हातही गावात असतात, त्यांना बोलवायचं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर याच कामाची मोठी पाठशाळा. पंगत एकच, हे मात्र पहिल्या दिवशी ठरवायचं. दुसरी पंगत एकदा बसली की ती मोडत नाही.

सप्ताहातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा, कंटाळवाणा भाग. वर्गणी किती जमली, तेलाचे डबे किती आले, किती उरले, हा जमाखर्च उभं राहून वाचून दाखवतात. लोक माना डोलावतात, एखादा म्हातारा मध्येच खेकसतो, की मागच्या वर्षीची सतरंजी कुठं गेली. अशा वाचनानं गाव जितकं एकत्र राहतं तितकं भाषणानं राहत नाही. आपल्या १४० जणांनी रोज संध्याकाळी पारावर वही वाचावी: आज कोठारातून किती काढलं, पाण्याचे तास किती झाले, आखाड्यावर कुणाचा कितवा दिवस, पहाऱ्याला कोण गैरहजर. वही लिहिणारा आणि कोठाराची किल्ली सांभाळणारा एकच माणूस नसावा. बहुतेक कथांत ज्या गटाचा हुकूमशहा होतो, त्याच्याकडं बंदूक नंतर येते, किल्ली आणि वही आधी. ग्रामसभेला कोरम म्हणून मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली कमी संख्या लागते. इथं तो नियम पुरणार नाही. पहाऱ्यावरचे सोडून सगळे हजर, असंच हवं, आणि आशाताईंचं रजिस्टर सर्वांत आधी समोर ठेवावं. त्यात कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुठं तान्हं आहे, हे ग्रामपंचायतीच्या दप्तराहून ताजं असतं.

पुढारी कोण, यावर माझं मत स्पष्ट आहे. माजी सरपंचापेक्षा ऊसतोडीचा अनुभव असलेली बाई बरी. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंनी माणसं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी. उघड्या माळावर दोन दिवसांत कोपी उभी करणं, पहाटे तीनला उठून भाकरी थापणं, पाणी शोधणं, लेकरू सांभाळत मोळी उचलणं, सहा महिन्यांनी सगळं गाडीत भरून निघणं, हे त्या करत आल्यात. प्रलयकथांतले नायक जे शेवटच्या प्रकरणात शिकतात, ते टोळीला कार्तिकातच येत असतं. टोळीतलं एक मात्र सोबत आणू नये, मुकादमाची उचल, म्हणजे कामाआधी दिलेले आगाऊ पैसे. अंगावर उचल घेतलेला माणूस सभेत बोलत नाही.

टोळीला गावाबाहेरची दोन कामं द्यावीत. एक धरणाचं. गोदाकाठच्या गावांशी नातं असेल, तर पहिल्या पावसाळ्याआधी पैठण गाठायला हवं. जायकवाडीचा बांध मातीचा, दहा किलोमीटर लांब, सांडव्याला २७ दारं. दारं बंद राहिली आणि वरून नाशिक-नगरचा पूर आला, तर पाणी मातीच्या बांधावरून वाहू लागेल, आणि मातीचा बांध वरून वाहिलेलं पाणी सोसत नाही. खाली गेवराई, गंगाखेड, नांदेड. वीज नसताना दार हातानं फिरवून इंच-इंच उचलायचं, हे उन्हाळाभराचं काम. दारं उघडी ठेवली की साठा सांडव्याच्या उंबऱ्यापर्यंतच राहतो, तेवढा पुरे.

दुसरं काम मिठाचं. हा समुद्रापासून लांबचा मुलूख. माणशी वर्षाला दोन किलो, १४० जणांना पावणेतीन क्विंटल, गुरांना जवळजवळ तेवढंच. पहिली काही वर्षं ओसाड दुकानांतल्या पिशव्यांवर निघतील, पण त्या पहिल्या पावसाआधी उचलून कोरड्या खोलीत, फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब रचायला हव्यात. पुढं कोकणातून आणावं लागेल, जसं लमाण बैलांच्या पाठीवर आणत. बैलगाडी दिवसाला पंचवीस किलोमीटर गेली तर किनारा दोन आठवड्यांच्या वाटेवर, त्यात घाट. दोन गाड्या, चार बैल राखीव, बदल्यात द्यायला करडईचं तेल आणि सरकी काढलेला कापूस. गाड्या सुगीनंतर निघून मृगाआधी परतायला हव्यात, आणि आल्यावर माणसं, बैल, मीठ सगळं १४ दिवस आखाड्यावर.